अँबॅसडरचं दुसरं टोपण

"पत्रक लिहू नका, अनुभव लिहा," असं संपादकांनी मला बजावून सांगितलं आहे. त्यांची भीती रास्त आहे. आजवर माझं जे काही छापलं गेलं ते सायक्लोस्टाइलच्या यंत्रातून निघालं आणि चौकात वाटलं गेलं. वर "बंधूंनो!" आणि खाली मागण्या, लिहिण्याचा एवढाच साचा मला ठाऊक. शिवाय दिवाळी अंकात नोकरीच्या आठवणी लिहितात ते बहुतेक निवृत्त, पेन्शन घेणारे, शांत झालेले लोक. मी तिशीचीही नाही आणि शांत तर मुळीच नाही. पण नागपुरातल्या घाट रोडवरच्या एका गॅरेजात मी बरीच वर्षं काउंटरवर बसते, आणि तिथे एकदा असं काही घडलं की त्यावर पत्रक लिहिता येईना. लिहायला घेतलं होतं. अर्धं झालंही होतं. ते तसंच पडून आहे.

आधी माझं काम सांगते, कारण गॅरेजात काउंटर असतो आणि त्यावर बाई असते हेच पुष्कळांना पटत नाही. माणूस दारात येतो, माझ्या डोक्यावरून आत बघतो आणि विचारतो, "कोणी माणूस नाही काय इथं?" मी म्हणते, "मी माणूसच आहे, बोला." मग तो नाइलाजाने बोलतो. गाडीला काय होतंय ते त्याने मला सांगायचं आणि मी ते मिस्त्रीला कळेल असं करून सांगायचं, हे माझं काम. सोपं नाही. लोक गाडीबद्दल सांगत नाहीत, गाडीचं गाऱ्हाणं सांगतात. "पहिल्यासारखी राहिली नाही हो." "चढावर उसासे टाकते." एक वकीलसाहेब तर खुर्चीत टेकून म्हणाले, "तुम्हीच ओळखा." नाडी बघणाऱ्या वैद्याची परीक्षा घ्यावी तसे. मी म्हटलं, "साहेब, कोर्टात अशील असा बसला तर तुम्ही काय करता?" तेव्हा कुठे त्यांनी ब्रेकबद्दल सांगितलं.

आमचे मुख्य मिस्त्री नथ्थूभाऊ. हात चांगला, पण तोंड हाताच्या पुढे. स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनवर आणि मूठ कानाला लावून डोळे मिटतात आणि म्हणतात, "एंजिन मले सांगून राहिलं." इंजिनने काही सांगितलं नाही तरी ते तसं कबूल करत नाहीत.

आता लाल दिव्याबद्दल. ज्यांच्याकडे गाडी नाही (म्हणजे तुम्ही आणि मी) त्यांच्यासाठी सांगते. गाडीत स्टिअरिंगच्या पलीकडे काचेच्या मागे एक लहानसा लाल दिवा असतो. किल्ली फिरवली की तो लागतो आणि इंजिन सुरू झालं की विझतो. इंजिनच्या पोटाखाली तेल साठवायचं पत्र्याचं भांडं असतं, त्याला आम्ही चेंबर म्हणतो. तिथून पंप एका जाळीतून तेल ओढून घेतो आणि वर सगळीकडे जोराने पोहोचवतो. तो जोर आहे तोवर दिवा गप्प. चालत्या गाडीत दिवा लागला, तर समजायचं की वर तेल पोहोचत नाही. त्या क्षणी थांबायचं. नाहीतर लोखंडावर लोखंड घासून इंजिन जाम होतं, आणि मग माझ्याकडे येऊन उपयोग नसतो.

थांबायचं, एवढंच. पण शिकलेल्या माणसाला थांबायला सांगणं किती कठीण! कोराडीच्या वसाहतीतले एक साहेब आले होते. लाल दिवा सारखा डोळ्यांत येतो म्हणून त्यांनी त्यावर काळी चिकटपट्टी लावली होती. "आता त्रास नाही," म्हणाले. मी म्हटलं, "तुमच्या वीजकेंद्रात असा दिवा लागला की तुम्ही पट्टी लावता का?" ते रागावून निघून गेले. पुढे त्यांची गाडी राखेच्या ट्रकमागे दोरीने ओढत आणली गेली. मी काही बोलले नाही, पण त्या दिवशी चहा दोन वेळा प्यायले.

असो. गोष्ट सावनेरच्या गाडीची आहे.

मधुकरराव हे सावनेरकडचे बडे शेतकरी, नंतर कापसाच्या दलालीत शिरलेले. पांढरी अँबॅसडर, नागपूरला रोजचं येणं-जाणं, मागच्या सीटवर टॉवेल. गाडी चालवणारा तुळशीराम, चाळिशीचा, काटक, डोक्यावर टोपी. त्याची एक खोड पहिल्याच दिवशी माझ्या लक्षात आली. गाडी थांबवून उतरला की तो बॉनेटवर तळहात ठेवून थोडा वेळ उभा राहायचा.

मधुकररावांनी सांगितलं, "बाई, हा लाल दिवा मधातच लागते. सावनेरहून निघालो का पाटणसावंगीच्या आसपास लागते. मंग हा थांबवते. बिडी पेतपर्यंत थांबलं का विझते. मंग पुन्हा थोड्या येळानं लागते. मले बाजाराले उशीर होते रोज."

"रोज लागतो?"

"रोज. आन् इथं तुमच्या दारात आली का गाय!"

खरोखरच दारात गाडी गायीसारखी गरीब उभी होती. नथ्थूभाऊंनी सुरू केली, रेस दिली, घाट रोडवर फेरी मारून आणली. दिवा नाही. तेल मोजायची पट्टी काढली, तेल बरोबर. स्क्रूड्रायव्हर कानाला लावला आणि म्हणाले, "बटन खोटं बोलून राहिलं." म्हणजे इंजिनला जे छोटं बटन असतं, जे तेलाचा जोर ओळखून दिवा लावतं, ते बिघडलं. बटन बदललं. गाडी गेली.

पुढच्या आठवड्यात परत आली. तेच. पाटणसावंगी, दिवा, थांबणं, विझणं. मग नथ्थूभाऊंनी सगळं तेल बदललं, जाड तेल भरलं. गाडी गेली, परत आली. तेच.

आता सगळ्यांचंच डोकं चालेना. पंप खराब असेल तर दिवा विझायला नको. बेअरिंग झिजली असतील तर गाडी तापलेली असताना थांबल्यावर तो जास्त लागायला हवा, आणि इथे तर थांबलं की विझतो! आणि कुठे लागतो? रस्त्यावर. कुठे लागत नाही? जिथे बघायला मिस्त्री आहे तिथे. मला तर तो दिवा मुद्दाम आमची थट्टा करतोय असं वाटायला लागलं.

जेव्हा कुणालाच काही कळत नाही तेव्हा चोर कोण ठरतो? जो पगारावर आहे तो! ही गोष्ट मला पत्रकातून शिकावी लागली नाही, मी ती काउंटरवर रोज बघते. मधुकरराव तुळशीरामसमोरच म्हणाले, "मिस्त्री, ड्रायव्हरनं खालून वायर छेडली तं दिवा लावता येते काय?"

नथ्थूभाऊंना सुटका दिसली. "येते ना! वायर लोखंडाले टेकवली का लागला. सोडली का विझला."

"मंग तेच असन. रस्त्यात याले बसाले पायजे. बिडी पायजे."

तुळशीरामने नुसती टोपी सारखी केली. मीच बोलले. "मधुकरराव, तुम्ही मागे बसता, तो पुढे. वायर बॉनेटच्या आत. चालत्या गाडीत तो तिकडे हात घालतो कसा?"

"मले काय मालूम? सालदार होता माह्या घरचा, बैलं हाकलत होता. तवाही असाच थांबे. बैलाले घाम आला, थांब. बैलानं मान हलवली, थांब. त्याले सवय हाय."

"म्हणून तो चोर?"

"बाई, तुम्ही गाडीचं पाहा."

मी पेटले. चालकांच्या एका संघटनेची पत्रकं तेव्हा मी लिहीत असे. त्याच संध्याकाळी घरी, गोळीबार चौकात, बाबांच्या बंद पडलेल्या हातमागावर कागद ठेवून सुरुवात केली: "चालक बंधूंनो! दिवा लागला, चोर कोण? चालक! तेल आटलं, चोर कोण? चालक! मालकाला उशीर झाला, चोर कोण?" झकास चाललं होतं. पण पत्रकात हकीकत लागते. म्हणून पुढच्या खेपेला मी तुळशीरामला बाजूला घेऊन विचारलं, "दिवा केव्हापासून लागतोय?"

"पोळ्यावून आलो तवापासून."

"कुठून आलात?"

"पोळ्याले मी सासुरवाडीले गेलतो ना, उमरेडकडं. मालकानंच सुट्टी देली. दुसऱ्या दिवशी आलो, गाडी काढली, तं दिवा."

म्हणजे पोळ्याच्या दिवशी तो गाडीजवळ नव्हताच! माझ्यासाठी हा पक्का मुद्दा होता. मी तो पत्रकात ठळक घातला. तुळशीराम मात्र म्हणाला, "ताई, ते कागदाचं राहू द्या जी."

"का? घाबरता कशाला?"

"भेत नाही. राहू द्या."

मला वाटलं, दबलेला माणूस असाच बोलतो. पत्रकात यालाच "जागृतीचा अभाव" म्हणतात.

शेवटी मीच तोडगा काढला. चौघांनी गाडीत बसून सावनेरच्या रस्त्याने जायचं. तुळशीराम चालवेल, नथ्थूभाऊ त्याच्या शेजारी बसून त्याच्या हातापायांवर नजर ठेवतील, मागे मधुकरराव आणि मी. गॅरेजमालकांनी मला जाऊ दिलं, कारण मी मागे राहिले असते तर अख्खा दिवस बोलत राहिले असते.

कोराडीचा फाटा गेला. पावसाने धुतलेला रस्ता, दोन्ही बाजूंना कापसाची पऱ्हाटी. तुळशीराम जपून चालवत होता. मी सहज विचारलं, "बैल हाकायचे, मग मोटार कशी शिकलात?"

"मालकानं बैलं विकली, मंग शिकलो."

"राजा आन् चंद्या," मधुकरराव म्हणाले. "जोडी चांगली होती. पण कोण हाकलते आता? यंदा उन्हाळ्यात देऊन टाकली. गोठा झाडून गाडी तिथंच ठेवतो. बाबा तवापासून माह्यासंगं बोलत नाही. गाडीत बसणं तं सोडा, हात लावत नाही. काल ताप होता, म्हटलं बाबा, दवाखान्यात नेतो. तं बैलबंडी करून गेले शेजाऱ्याची." ते हसले, पण ते हसू पुढे गेलं नाही.

तुळशीराम आरशातून मागे न बघता म्हणाला, "गव्हाण तशीच हाय, ताई. गाडीचं तोंड गव्हाणीकडंच येते."

पाटणसावंगी दिसू लागली आणि दिवा लागला. लाल, ठळक. नथ्थूभाऊ तुळशीरामच्या दोन्ही हातांकडे बघत होते. हात स्टिअरिंगवर. पाय जागेवर.

"दिवा!" मी ओरडले. "बघा! कुठे आहे वायर? कुठे आहे हात?"

तुळशीरामने गाडी कडेला घेऊन बंद केली, उतरून बॉनेट उघडलं. "थकली. बसू द्या तिले." आम्ही बाभळीखाली उभे राहिलो. थोड्या वेळाने सुरू केली, दिवा विझलेला.

मधुकररावांनी नथ्थूभाऊंकडे पाहिलं. नथ्थूभाऊंनी आभाळाकडे पाहिलं. मी जिंकले होते, पण काय जिंकले ते कळत नव्हतं. वायर नाही, बटन नाही, तेल नाही. मग काय? थकली? लोखंड थकतं? मी विज्ञानाचा प्रचार करणारी मुलगी. काउंटरवर गाड्यांना लिंबू-मिरची बांधण्याविरुद्धची पत्रकं ठेवते. आणि त्या दिवशी माझ्यासमोर जो एकच उपाय लागू पडत होता, तो म्हणजे मोटारीला बैलासारखं बसू देणं.

परत येताना मधुकररावांचा राग थंड व्हायच्या ऐवजी वाढला. माणूस चुकला की असंच होतं. गॅरेजात उतरल्यावर ते म्हणाले, "हात नव्हता लावला, मान्य. पण पोळ्याआधी गाडी चांगली होती, आन् चालवते हाच. गाडी यानंच खराब केली. मिस्त्री, चेंबर उतरवा. आतमधी काही निघालं तं ठीक, मी गप बसतो. नाही निघालं तं उद्यापासून हा मले नको. मी दुसरा पाहून ठेवला हाय."

तुळशीराम बॉनेटवरचा हात काढून बाजूला झाला. मी मात्र मनातल्या मनात त्या चेंबरला विनवू लागले, काहीतरी निघ बाबा. तुटका दात निघ, लोखंडाचा चुरा निघ, काहीही निघ.

नथ्थूभाऊ गाडीखाली शिरले. तेल काढलं, बोल्ट सोडले, चेंबर अलगद खाली घेतलं आणि सरकत बाहेर आले. तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी त्याआधी आणि त्यानंतर कधी पाहिलं नाही. त्यांनी चेंबर नुसतं आमच्यापुढे ठेवलं.

जाळी, जिच्यातून पंप तेल ओढतो, ती तपकिरी लगद्याने माखली होती. चेंबरच्या तळाशी त्याच लगद्याच्या गुठळ्या, आणि चामड्यासारखे दोन-तीन तुकडे.

"पट्टा फाटला काय कोणता?" मधुकररावांनी विचारलं.

"यात पट्टा नसते," नथ्थूभाऊ म्हणाले. "बेअरिंगचा कचरा असन." पण बोटाने चोळून पाहिलं तर त्यात धातूची चमक नव्हती.

मी वाकून पाहिलं. लगद्यात बारीक काळे दाणे होते. एक उचलून नखाने फोडला. तेलाच्या त्या घाणेरड्या वासातूनही तो वास आला. मी आणखी एक फोडला. मग एक चामड्याचा तुकडा उलटा केला. त्याच्या एका बाजूला भाजल्याचे डाग होते. तव्यावरचे.

"हे वेलदोड्याचे दाणे आहेत," मी म्हटलं. "ही डाळ. हे पुरण आहे. पुरणपोळी आहे ही."

कोणी हसलंसुद्धा नाही.

मग माझ्या डोक्यात सगळं जागच्या जागी बसू लागलं. इंजिनच्या वरच्या झाकणावर तेल ओतायचं एक टोपण असतं. कोणीतरी ते उघडून आत घास टाकला. तो आतल्या भोकांतून घसरत खाली चेंबरात आला. गाडी धावली की पंपाच्या ओढीने तो लगदा जाळीला चिकटायचा, तेल तुंबायचं, दिवा लागायचा. गाडी बंद केली की ओढ संपायची, लगदा सुटून तळाशी बसायचा, दिवा विझायचा. घाट रोडवरच्या छोट्या फेरीत त्याला चिकटायला वेळच मिळत नव्हता. कळलं! किती सोपं! आणि प्रत्येक वेळी दिवा लागताच तुळशीराम थांबला होता, म्हणूनच इंजिन शाबूत राहिलं होतं. कोराडीच्या साहेबांसारखा मालक चालवत असता तर त्याच आठवड्यात जाम झालं असतं.

हे सगळं मी मोठ्याने बोलून दाखवलं. पण मधुकरराव ऐकत नव्हते. ते तुळशीरामकडे वळले. "कोणं टाकली?"

तुळशीरामने टोपी काढली. "मीच चारली, मालक."

"तू?"

"पोळा होता. सवय हाय. बैलं नाहीत, म्हटलं हिलेच चारू. चुकी झाली. मी जातो उद्यापासून."

मी त्याच्याकडे बघतच राहिले. माझ्या पत्रकातला ठळक मुद्दा माझ्यासमोर उभा राहून स्वतःविरुद्ध साक्ष देत होता!

"हा खोटं बोलतो!" मी ओरडले. "हा पोळ्याला इथे नव्हता! उमरेडला होता! तुम्हीच सुट्टी दिली, मधुकरराव! आला दुसऱ्या दिवशी! हा कसा चारेल?"

"ताई, तुम्ही गप बसा जी," तुळशीराम म्हणाला. हळू, पण इतक्या रागाने की माझा हात आपोआप मागे गेला.

"का गप बसू? जे केलं नाही ते का पत्करता?"

मधुकरराव खाली बसले. तिथेच, तेलकट जमिनीवर, पांढऱ्या धोतरासकट. त्यांनी चामड्यासारखा एक तुकडा तळहातावर घेतला.

"पोळ्याले मी नागपूरले होतो, यष्टीनं गेलतो," ते म्हणाले. "गड्यांले सुट्टी. घरी बाया सैपाकघरात. गोठ्यात..." मग त्यांनी मान वर केली. "तुळशीराम, बाबानं चारलं काय हिले?"

तुळशीराम टोपी हातात फिरवत राहिला.

"अरे सांग ना गा. बाबानं चारलं काय?"

"तुम्ही बोल लावान त्याइले."

"नाही लावत."

"मी परत आलो तं मले म्हणे, तू नव्हता, मंग मीच चारलं. घरात आली हाय तं उपाशी काहून ठेवा, म्हणे. आधी तोंड कोठी ते समजेना, म्हणे. मंग तू तेल टाकतं ते आठवलं." तुळशीरामने टोपी पुन्हा घातली. "बॉनेटले हळदकुंकू होतं. ते मी पुसलं, तुमाले दिसू नये म्हणून."

मधुकररावांनी तो तुकडा रुमालात ठेवला. काय करावं ते त्यांना कळत नव्हतं, रुमाल खिशात घातला, पुन्हा काढला. डोळे पुसायला हवे होते पण रुमालात पोळी होती.

"बाबानं हात लावला हिले," ते स्वतःशीच म्हणाले. मग उठले. "मिस्त्री, जाळी धुऊन बसवा. तुळशीराम, गाडी तूच काढ. घरी चाल."

संपलं. नोकरी राहिली. मी काउंटरवर जाऊन बसले. तुळशीराम जाळी धुऊन होईपर्यंत बाहेर थांबला होता. मी त्याला विचारलं, "तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं. पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर चेंबर उतरवून दोन तासांत काम झालं असतं. तुमच्यावर आळ आला नसता."

"तुमाले काम दिसते, ताई. मालक आन् बाबाजी येकमेकांसंगं बोलत नव्हते. त्यात मी सांगू का तुमच्या बापानं गाडी बिघडवली?"

"आणि तुमची नोकरी गेली असती तर?"

"दुसरी भेटली असती." मग तो म्हणाला, "पण तुम्ही बोलल्या ते बरंच झालं. मले मालूम नव्हतं मालकाले असं वाटन." तरी त्याचा माझ्यावरचा राग गेलेला नव्हता, हे त्याच्या मानेवरून कळत होतं.

मी घरी जाऊन पत्रक पुढे लिहायला बसले. चालक चोर नव्हता, हे खरं. मालकाने अन्याय केला, हेही खरं. पण "मालकाचा निषेध असो" असं लिहायला लेखणी टेकवली की तो माणूस तेलात बसलेला दिसायचा. अंधश्रद्धेविरुद्ध लिहावं, तर म्हाताऱ्याने केलं ते नक्की काय केलं? त्याचं नाव काय? मला आजही सांगता येत नाही. कागद मागावर ठेवून मी झोपले.

काही दिवसांनी मधुकरराव एकटे आत आले, तुळशीरामला दारात ठेवून. नथ्थूभाऊंशी बराच वेळ हळू आवाजात बोलले. ते गेल्यावर नथ्थूभाऊंनी भंगारातल्या इंजिनचं टोपण शोधलं, जाड पत्र्याच्या एका डबीला ते तोंड म्हणून जोडलं, आणि गाडी पुन्हा आल्यावर ती डबी बॉनेटच्या आत, बॅटरीच्या शेजारी, बोल्टाने पक्की बसवली. अगदी इंजिनचाच भाग वाटावी अशी. आतून ती इंजिनला कुठेच जोडलेली नव्हती. खालून बंद.

"हे काय?" मी विचारलं.

"दुसरं तोंड. येक तेलाचं, येक घासाचं. पुढच्या पोळ्यासाठी. तुळशीराम दाखवन बाबाजीले."

"नथ्थूभाऊ, अहो, त्या म्हाताऱ्याला कोणी सांगायचं की नाही, की मोटार जेवत नाही?"

नथ्थूभाऊ पान्हा पुसत माझ्याकडे बघत राहिले. "काय वं ताई, त्याले मालूम नसन वाटते तुले? जन्मभर बैलं सांभाळलेला माणूस हाय. कोण जेवते आन् कोण नाही, तुह्यापेक्षा त्याले जास्त मालूम."

"मग तो चारतो कशाला?"

"आता ते मले काहून इचारते? मी एंजिनचा मिस्त्री हाय."

ज्या माणसाला इंजिन सगळं सांगतं त्यालाही हे ठाऊक नव्हतं. मी काउंटरवरची लिंबू-मिरचीची पत्रकं उचलून खणात ठेवली. फेकली नाहीत. पुन्हा वर काढली, पुन्हा खणात ठेवली.

तेव्हापासून दर वर्षी एक रीत पडली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, शहरातली मारबतीच्या मिरवणुकीची गर्दी ओसरली की पांढरी अँबॅसडर आमच्या दारात येते. नथ्थूभाऊ डबीचं टोपण उघडतात, स्क्रूड्रायव्हरने आतला घास काढतात, मुंग्या झटकतात, डबी रॉकेलने पुसून टोपण लावतात. एका वर्षी तर मागच्या सीटवर बाबाजी स्वतः बसून आले होते. पागोटं, हातात काठी, नजर सरळ पुढे. मी नमस्कार केला तर म्हणाले, "तूच काय ते वेलदोडे ओळखणारी?" मी हो म्हटलं. "यंदा जायफळ टाकलं," ते म्हणाले, आणि पुन्हा सरळ पुढे बघू लागले.

यंदा चैत्रात बाबाजी गेले.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गाडी येणार नाही असं मी धरून चालले होते. ती आली. तुळशीरामने थांबवली, उतरला, बॉनेटवर तळहात ठेवून उभा राहिला. मागून मधुकरराव उतरले. मला वाटलं, आता डबी काढून टाकायला आले असतील. मीच नथ्थूभाऊंना पान्हा आणून दिला.

त्यांनी बॉनेट उघडलं आणि डबीचं टोपण फिरवलं. आत पुरणपोळीचा घास होता. ताजा, तुपात भिजलेला.

मी मधुकररावांकडे पाहिलं. ते भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते. मी तुळशीरामकडे पाहिलं. तो पुढच्या टायरची हवा बघत होता.

प्रश्न विचारणं हेच माझं काम आहे. मी विचारला नाही.

नथ्थूभाऊंनी डबी स्वच्छ केली, टोपण हातात धरून म्हणाले, "बाबाजी तं गेले. काढून टाकू काय ही?"

"राहू द्या," दोघंही एकदम म्हणाले.